तुळजापूर नाक्यापर्यंत

गोरखपूरजवळच्या देवरियाच्या सोनारगल्लीत बिरुदेव मेटकरांना सगळे 'मराठा सेठ' म्हणत. जातीनं ते धनगर, गाव सांगोल्याकडचं मेटकरवाडी. पण तिकडं महाराष्ट्रातून सोनं गाळायला आलेला प्रत्येक माणूस मराठाच असतो, आणि ज्याच्या हातात सोनं तो सेठ. मेटकरांच्या हातातलं सोनं दुसऱ्याचं असायचं. सोनारांकडची मोड, दुकानातली झाडलोट, पॉलिशच्या चिंध्यांची राख, असलं सगळं त्यांच्या भट्टीवर यायचं. ते वितळवायचं, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, शिजवायचं आणि चोख निघालेलं सोनं ज्याचं त्याला परत द्यायचं. याला गलाई म्हणतात. सांगोल्याकडच्या कोरड्या माळावरची कितीतरी घरं या धंद्यावर देशभर पांगली आहेत.

तेजाब तापलं की त्यातून पिवळा-तांबूस धूर निघतो. आठ बाय दहाच्या खोलीत, एका झरोक्याखाली बसून, बिरुदेवांनी तो धूर अडतीस वर्षं छातीत घेतला. गोरखपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडासमोर धरला तेव्हा गोजाबाईला फोटोतलं काही कळलं नाही. डॉक्टरांनी एकदम आवाज खाली आणला, ते मात्र कळलं. यांना धुरापासून लांब न्या, जमलं तर कोरड्या हवेत न्या, असं ते म्हणाले.

"आमच्या गावाइतकी कोरडी हवा कुटंच न्हाय," बिरुदेव घरी येताना सायकलरिक्षात म्हणाले. त्यांना धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. जणू डॉक्टरांनी त्यांना आजार सांगितला नव्हता, सुट्टी दिली होती.

गाव सोडल्यापासून बिरुदेव परत जायच्याच गोष्टी करत आले होते. दर दोन वर्षांनी जत्रेला जायचे, भावाच्या, सयाजीच्या हातून घराचं थोडं थोडं बांधकाम करून घ्यायचे. आधी खालच्या दोन खोल्या झाल्या, मग स्वयंपाकघर, आणि गेल्या खेपेला वरची खोली. वरची खोली अजिंक्यची. अजिंक्य एकुलता एक, एकोणतीस वर्षांचा, देवरियातच जन्मलेला. चार वर्षं तो बापाच्या जागी भट्टीवर बसत होता आणि बापाला नेमकं तेच सलत होतं.

"माजी गेली ती गेली," बिरुदेव स्वतःच्या छातीवर बोट ठेवून गोजाबाईला म्हणायचे. "ह्येची ऱ्हाऊ देत. सांगोल्यात चांदीचं दुकान टाकू. तितं तेजाब नको, धूर नको. मग लगीन करू."

अजिंक्य या बोलण्यावर मान हलवायचा. ती मान हलवणं म्हणजे होकार, असं दोघंही धरून चालले होते.

गोजाबाईला गावाची ओढ होती का, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनं स्वतःलाही विचारलं नाही. लग्न होऊन, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ती देवरियात आली तेव्हा पहिलं वर्षभर ती भिंतीकडं तोंड करून रडली होती. ज्वारी मिळत नव्हती, बोलणं कळत नव्हतं. मग हळूहळू कळायला लागलं. शेजारच्या पंडितजींच्या बायकोनं, पंडिताइननं, तिला सत्तू मळायला शिकवलं, तिनं पंडिताइनला शेंगदाण्याची चटणी कुटायला शिकवली. बत्तीस वर्षं अशी गेली. आता ती स्वप्नात कुणाशी भांडायची तर हिंदीत भांडायची.

निघायचं ठरलं ते चैत्रात. सांगोल्याचं डाळिंब गोरखपूरच्या मंडईत जातं आणि येताना गाड्या बऱ्याचदा रिकाम्या असतात. तशीच एक आयशर ठरवली. ड्रायव्हर रामहरी, करकंबचा, चाळिशीचा, बोलका. पहिल्याच भेटीत त्यानं बिरुदेवांना मामा केलं आणि गोजाबाईला मामी.

सामान चढवताना गोजाबाई तिथं नव्हती. गल्लीतल्या बायकांनी तिला सोडलंच नाही. एकीनं ओटी भरली, दुसरीनं डोक्याला तेल लावलं, पंडिताइन तर नुसती हात धरून बसली. अजिंक्य आणि रामहरीनं मिळून गाडी भरली, ताडपत्री ताणली, दोर आवळले. गोजाबाई त्यांच्यातून सुटून आली तेव्हा घर रिकामं होतं आणि बिरुदेव खिडकीकडच्या जागेवर जाऊन बसले होते, अंघोळ करून, पांढरी टोपी घालून.

"चला की आता," ते म्हणाले. "किती रडशीला?"

केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागं एक आडवी फळी होती, तिच्यावर गोधडी टाकून गोजाबाई बसली. अजिंक्यनं मागं सामानातच एक पोकळी करून घेतली होती. गादी, पाण्याचा कॅन आणि एक पाठीवरची पिशवी. तिथं हवा चांगली लागते, तो म्हणाला.

पहिल्या दिवशी बनारसच्या पुलावर गोजाबाई म्हणाली, गंगेवर पाच मिनिटं थांबू. बिरुदेव म्हणाले, नको, उगं खोळंबा. दुसऱ्या दिवशी रीवा मागं पडलं, जबलपूरच्या अलीकडं एका ढाब्यावर जेवण झालं. अजिंक्यनं एकच रोटी खाल्ली. गोजाबाईनं त्याच्या ताटात दुसरी ठेवली, ती त्यानं तशीच कुत्र्याला घातली. जन्माचं गाव सुटलंय, लागायचंच पोराला, असं तिनं मनात म्हटलं आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं हात फिरवू दिला, पण तिच्याकडं बघितलं नाही.

केबिनमध्ये मात्र बिरुदेवांना उधाण आलं होतं. बोलता बोलता धाप लागायची, थांबायचे, खिडकीतून हवा घ्यायचे आणि तिथूनच पुढं सुरू करायचे. माळावरचं बिरोबाचं देऊळ, आज्याची दीडशे मेंढरं, विहिरीत पडलेली शेजाऱ्याची म्हैस, ती काढायला लागलेले अकरा जण. रामहरी प्रत्येक गोष्टीला "मग, मामा?" म्हणायचा. त्याच म्हशीची गोष्ट दुसऱ्यांदा आली तेव्हाही त्यानं "मग, मामा?" म्हटलं. गोजाबाईला तो त्यामुळं आवडला.

तिसऱ्या दिवशी नागपूर ओलांडल्यावर पाट्या मराठी झाल्या. बिरुदेव पाट्या मोठ्यानं वाचायला लागले. "गतिरोधक पुढे आहे. शुद्ध शाकाहारी. येथे जुने ट्रॅक्टर मिळतील." यवतमाळच्या पुढं एका टपरीवर चहावाल्या बाईनं गोजाबाईला विचारलं, साखर कमी घालू का? गोजाबाईच्या तोंडून उत्तर गेलं ते हिंदीत. बाई मग पुढचं सगळं तिच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीतच बोलली, आणि गोजाबाईला ते दुरुस्त करावंसं वाटेना.

चौथ्या दिवशी सकाळी तुळजापूर आलं. आईच्या देवळाकडं तोंड करून सगळ्यांनी गाडीतूनच हात जोडले. घाट उतरला, सपाटी लागली. सोलापूर आता वीस-पंचवीस किलोमीटरवर राहिलं होतं. बिरुदेवांनी सयाजीला फोन लावून सांगितलं, "दुपारच्या जेवणाला पोचतोय. अजिंक्यला घडीची चपाती लागती, भाकरी तेला जमत न्हाय." आणि फोन ठेवतात न ठेवतात तोच मागचं चाक फुटलं.

रामहरीनं गाडी बाजूला घेतली. जॅक लावला, पण रस्त्याकडंची माती भुसभुशीत होती. जॅक मातीत रुतायचा, गाडी उचलायची नाही.

"एका अंगाचं वजन कमी केल्याबिगर न्हाय उचलायची," तो म्हणाला. "कपाट, भांड्याची पोती आन् ती मोठी पेटी खाली घेऊया. अर्ध्या तासाचं काम हाय."

मग सामान रस्त्याच्या कडेला उतरायला लागलं. लोखंडी कपाट, शिलाई मशीन, कॉट, फडक्यात बांधलेले देव. बिरुदेवांसाठी कॉट लिंबाच्या सावलीत टाकली आणि ते तिच्यावर आडवे झाले. येणारे-जाणारे मोटारसायकलवाले बघत जायचे. घरात असताना त्या सामानानं दोन खोल्या भरल्या होत्या. इथं उघड्यावर ते इतकं थोडं दिसत होतं, की गोजाबाईला त्या लोकांसमोर लाज वाटली.

नवऱ्याच्या डोक्याखाली द्यायला उशी हवी होती. निळ्या अभ्र्याची जाड उशी अजिंक्यची, ती त्याच्या गादीत गुंडाळलेली असणार. ती गाडीच्या मागं गेली. अजिंक्यनं प्रवासात वापरलेली गादी पाहुण्यांची होती. त्याची स्वतःची गादी दिसेना. तिनं आत वाकून बघितलं. त्याची हिरवी ट्रंक दिसेना. टेबलपंखा नाही, बुटांची पेटी नाही, इस्त्री नाही. दहावीपासून खोलीत टांगलेला मोठा आरसा नाही.

"रामहरी," ती म्हणाली, "अजिंक्यचं सामान कुटं घातलंय?"

रामहरी चाकाच्या बोल्टशी झटत होता. मान वर न करता म्हणाला, "दादाचं न्हाईच घेतलं की, मामी, भट्टीच्या खोलीत ठिवलंय. ते म्हणाले, माजं असू दे हितंच." मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं असावं. तो थांबला, तिच्याकडं बघितलं आणि पुन्हा बोल्टकडं वळला. "मला वाटलं, तुमाला ठावं हाय."

अजिंक्य पाण्याचे कॅन भरायला पलीकडच्या हॉटेलवर गेला होता. गोजाबाई रस्ता ओलांडून तिकडं गेली. तो नळाखाली कॅन धरून उभा होता. आईच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याला कळलं.

"कदी जाणार हायस?" तिनं विचारलं.

"परवा. दौंडवरनं गाडी हाय."

"तितं कुणी हाय का? पोरगी बिरगी?"

"न्हाय, आई. तसलं काय न्हाय."

असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटून गेलं. पोरीसाठी पोरगा राहिला, हे तिला समजलं असतं, बापालाही समजावता आलं असतं.

"मग काय हाय तितं?"

अजिंक्यनं कॅन भरून खाली ठेवला. "आई, तुमी गावाला निगालाय. तुमचं गाव हाय ते. माजं गाव मागं ऱ्हायलं की. बाजारात गेलो तर चार माणसं हाक मारत्यात मला. मेटकरवाडीत दोन दिस ऱ्हायलो की तिसऱ्या दिशी काय करावं कळत न्हाय मला. काकांची पोरं मला भैया म्हणून हसत्यात. मला दुसरं काम येत न्हाय, आन् हे काम मला चांगलं येतं."

"त्या कामानं बापाचं काय झालंय, बघतोस न्हवं?"

"मी पंखा बसवलाय. धूर वडून बाहीर टाकणारा. आप्पांच्या टायमाला न्हवता."

"बापाला कदी सांगणार हुतास?"

"घरी पोचल्यावर. सगळं लावून दिल्यावर. चार दिस जाऊ दिले असते."

गोजाबाई तिथं उन्हात उभी राहिली. पलीकडं लिंबाखाली बिरुदेव कॉटवर उठून बसले होते आणि एका म्हाताऱ्या वाटसरूला हातवारे करून काहीतरी सांगत होते. म्हशीचीच गोष्ट असेल. आपला माणूस चार दिवस पोराच्या दुकानाच्या, पोराच्या लग्नाच्या गोष्टी रामहरीला सांगत आला आणि पोरगा मागं सगळं मनात ठेवून बसून आला, हे तिला एकाएकी सोसवेना. गावात गेल्यावर ते हेच साऱ्या भावकीला सांगतील, आणि चार दिवसांनी तोंडघशी पडतील.

"आताच सांग," ती म्हणाली. "गाव यायच्या आत सांग. चार माणसांत त्यांचं हसं नको."

"आई, घरी पोचूया तरी."

"न्हाय. तू सांग, न्हायतर मी सांगते."

हे शब्द तिचे होते. नंतर तिला ते शब्द जसेच्या तसे आठवत राहिले. नळाचं पाणी कुठं सांडत होतं, तेही आठवत राहिलं.

चाक बदललं, सामान परत चढलं. अजिंक्य या वेळी मागं गेला नाही, केबिनमध्ये आईशेजारी फळीवर बसला. गाडी निघाली. त्यानं बापाच्या पाठीला सांगितलं. थोडक्यात सांगितलं, अडखळत, निम्मं हिंदीत. बिरुदेव समोर बघत होते. रामहरीनं रेडिओ बंद केला.

तुळजापूर नाका जवळ आला, शहराची गर्दी सुरू झाली.

"रामहरी, गाडी बाजूला घे," बिरुदेव म्हणाले.

"मामा, पुढं जाऊन घेतो, हितं पोलीस..."

"घे म्हणतोय न्हवं."

गाडी थांबली. बिरुदेव मागं वळले नाहीत. "स्टेशन हितंच हाय," ते म्हणाले. "रिक्षानं जाता येतं. उतर."

"आप्पा, घरी सामान उतरवायला माणूस लागंल."

"सयाजीची पोरं हायती."

"अवो," गोजाबाई म्हणाली, "घर तरी बघू द्या तेला. वरची खोली बी बघितली न्हाय तेनं."

"ज्याला ऱ्हायचं न्हाय त्येनं घर बघून काय करायचंय?" बोलता बोलता त्यांना धाप लागली. थांबून थांबून ते पुढं बोलले. "मी तेला तिकडनं भाईर काढायला एवढं केलं. ह्यो परत त्याच धुरात जाऊन बसणार. बसू दे. पर मी तेला हार-तुऱ्यात गावात न्हेऊन मिरवणार न्हाय. उतर, अजिंक्य."

अजिंक्यनं पाठीवरची पिशवी घेतली. बापाच्या पायाला हात लावायला केबिनमध्ये जागा नव्हती. खाली उतरून तो बिरुदेवांच्या खिडकीखाली आला आणि वर बघत उभा राहिला. बिरुदेवांनी काच वर केली नाही, पण नजर समोरच ठेवली. गोजाबाई खाली उतरली. पोराला द्यायला तिच्याकडं काहीच नव्हतं. पैसे मागं मोठ्या पेटीत, डबा रिकामा. हातात पाण्याची बाटली होती, तीच तिनं त्याच्या हातात दिली.

"फोन कर," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं परत गाडीत चढावं की त्याच्याबरोबर रिक्षात बसावं, असा एक क्षण आला होता. पण वर खिडकीत तिच्या माणसाला श्वास पुरत नव्हता आणि औषधाची पिशवी तिच्या फळीवर होती. ती चढली. रामहरीनं गाडी काढली. मागं बघायला फळीवरून काही दिसत नव्हतं, मागं फक्त केबिनची पत्र्याची भिंत होती.

बेगमपूरच्या पुलावर भीमेचं पाणी खाली गेलेलं दिसलं. मंगळवेढा आलं, गेलं. बिरुदेवांनी एकही पाटी वाचली नाही. रामहरीनं एकदा विचारलं, "मामा, पाणी देऊ?" त्यांनी नको म्हणून मान हलवली.

मेटकरवाडीत सयाजीनं दारात रांगोळी काढून घेतली होती. भावकीतली पंधरा-वीस माणसं जमली होती. हार घातले, नारळ फोडला. मग सयाजी गाडीच्या मागं डोकावला.

"अजिंक्य कुटं हाय?"

"तेला काम निगालं," बिरुदेव म्हणाले. "सोन्याचं काम. टाळता येत न्हाय."

पहिले दोन महिने हवेनं खरंच गुण दिला. बिरुदेव सकाळी बिरोबाच्या देवळापर्यंत चालत जायचे आणि दोनदा बसून का होईना, परत यायचे. गावातली त्यांच्या वयाची माणसं मात्र सापडत नव्हती. कुणी वारलेलं, कुणी अजून कोईमतूरला, कुणी पतियाळ्याला. जे होते त्यांच्याशी चार दिवसांत बोलणं संपलं. म्हशीची गोष्ट इथं सगळ्यांना ठाऊक होती.

संध्याकाळी सातला अजिंक्यचा फोन यायचा. गोजाबाई अंगणात बसून बोलायची आणि बिरुदेव दोन हातांच्या अंतरावर कॉटवर बसून ऐकायचे. तिनं फोन पुढं केला की ते हातानं नको म्हणायचे. पण बोलणं संपत आलं की हळूच म्हणायचे, "पंखा चालू अस्तो का, इचार."

ती विचारायची. तिकडून उत्तर यायचं, "अस्तो म्हणाव."

"निस्ता बसवून उपेग न्हाय. जाळी धुवावी लागती म्हणाव."

"धुतो म्हणाव."

असं रोज. बाप-लेकांचं बोलणं तिच्या तोंडून इकडून तिकडं जायचं. पंखा सोडून दुसरं काही त्यात आलं नाही.

श्रावण संपता संपता बिरुदेवांचं चालणं बंद झालं. सोलापूरच्या एका दवाखान्यात आठ दिवस ठेवलं, मग ऑक्सिजनची टाकी लावून घरी आणलं. पायांवर सूज आली. एका दुपारी त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "बोलीव तेला."

अजिंक्य तिसऱ्या दिवशी आला. बापाच्या पायावर डोकं ठेवलं. बिरुदेवांनी त्याच्या केसांतून हात फिरवला आणि विचारलं, "गाडीला गर्दी हुती का?"

अकरा दिवस तो बापाजवळ राहिला. अंग पुसायचा, भांडं द्यायचा, टाकीचा काटा बघायचा. गोजाबाई वाट बघत होती, की आता दोघं बोलतील. दोघं बोलायचेही. पण बोलायचे ते सोन्याचं. सोन्यातली चांदी विरघळली की तेजाबाचा रंग कसा दिसतो, मूस नवी आहे की एकदा वापरलेली हे नुसतं वाजवून कसं ओळखायचं, कुठल्या सोनाराची मोड डोळे झाकून घ्यायची आणि कुणाची दोनदा तपासायची. बिरुदेव चार शब्द बोलून थांबायचे, अजिंक्य पुढचे शब्द यायची वाट बघायचा. नाक्यावरची गोष्ट दोघांनीही काढली नाही. वरच्या खोलीत झोप, असं बिरुदेव एकदाही म्हणाले नाहीत, आणि अजिंक्य खाली बापाच्या कॉटशेजारीच पडत राहिला. आपण विषय काढावा, असं गोजाबाईच्या चार-पाच वेळा मनात आलं. पण मागच्या वेळी आपण सांग म्हटलं त्याचं काय झालं, हे आठवून ती गप्प बसली.

बाराव्या दिवशी सकाळी टाकीचा काटा खाली आला. अजिंक्य सयाजीची मोटारसायकल घेऊन दुसरी टाकी आणायला सांगोल्याला गेला. तासाभराचं काम. दहाच्या सुमारास बिरुदेवांनी पाणी मागितलं. गोजाबाईनं चमच्यानं घातलं. दुसरा चमचा बाहेर आला. तिनं त्यांची मान सावरली, नाव घेऊन हाक मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्यांना नावानं हाक मारली.

अजिंक्य आला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. तो मोटारसायकलवरून उतरला नाही. मागं दोरीनं बांधलेली भरलेली टाकी तशीच होती. सयाजीनं जाऊन त्याचा हात धरला, तेव्हा उतरला.

दिवस झाले. पाहुणे गेले. तेराव्याच्या संध्याकाळी मायलेक दोघंच चुलीपुढं बसले होते. अजिंक्यनं विचारलं, "आई, आप्पांचा राग हुता का माज्यावर?"

गोजाबाईनं लाकूड आत सारलं. खोटं सांगता आलं असतं. "हुता," ती म्हणाली. "राग हुता, आन् भ्या बी हुतं. तुज्या छातीचं भ्या. तेंचा राग तसलाच असायचा."

"मग मला बोलले का न्हाईत? अकरा दिस हुतो मी."

"तू तरी कुटं बोललास?"

त्यानं बाहेर आलेला निखारा चुलीत ढकलला. मग ती म्हणाली, कारण हे आता कुणाला तरी सांगायलाच हवं होतं, "माजं चुकलं, बाबा. तू घरी पोचल्यावर सांगणार हुतास. मी तुला वाटंतच सांगाय लावलं. घरी असतं तर भावकीची माणसं असती, सयाजीभाऊजी असते. तेंनी तुला एवढ्या माणसांत घालवला नस्ता. चार दिस तरी ऱ्हायला अस्तास. तेंनी तुला गाव दाखवलं अस्तं. देऊळ, हीर. तेवढं तेंच्या मनात लई हुतं."

"तू हसं हुऊ ने म्हणून सांगितलंस."

"व्हय. पर हसं झालं अस्तं तर काय झालं अस्तं? लोकं दोन दिस हसली अस्ती."

चुकलं नाही तुझं, असं अजिंक्य म्हणाला नाही. तो तिच्याजवळ सरकून बसला, आणि तवा तापेपर्यंत दोघं तसेच बसले.

चौदाव्या दिवशी तो निघाला. आईला चल म्हणाला. पंडिताइन रोज विचारते म्हणाला. गोजाबाई म्हणाली, वर्षश्राद्ध होऊ दे, मग बघू. तिला जायचं नव्हतं असं नाही, राहायचं होतं असंही नाही. तिनं त्याला ज्वारीचं पीठ बांधून दिलं, शेंगाची चटणी दिली आणि एसटीच्या थांब्यापर्यंत गेली. सोलापूरपर्यंत सोडायला ये, असं तो म्हणाला नाही, तीही म्हणाली नाही.

संध्याकाळी सातला फोन आला. तो दौंडला पोचला होता, गाडी दीड तास उशिरा होती.

"खाल्लंस का?"

"खाल्लं."

"बसायला जागा हाय?"

"बाकडं हाय. बसलोय."

"बरं."

फोन मात्र कुणीच ठेवला नाही. तिकडं फलाटावर कुठल्या तरी गाडीची सूचना चालली होती, आधी मराठीत, मग हिंदीत. गोजाबाई कानाला फोन लावून ती ऐकत राहिली. कुठली गाडी येते आहे, ते तिला नीट ऐकू आलं नाही.